पाठीच्या कण्यातली नाजूक दोरी

दोस्तांनो, आधी एक गंमत करू या. टेबलावर बसा आणि पाय मोकळे लोंबकळू द्या. आता आईला किंवा बाबांना सांगा, गुडघ्याच्या वाटीच्या जरा खाली तळहाताच्या कडेनं हलकीशी टिचकी द्यायला. जागा बरोबर सापडली, की पाय टुणकन पुढे उडेल! तुम्ही त्याला 'उड' म्हणाला होतात का? नाही ना! मग हा हुकूम दिला कोणी?

मेंदूनं नाही. तो दिला तुमच्या पाठीतल्या मज्जारज्जूनं. गरम तव्याला बोट लागलं, की हात झटकन मागे येतो आणि "आई गं!" त्यानंतर तोंडातून निघतं. तेही याचंच काम. मेंदूला बातमी कळेपर्यंत थांबलं तर बोट भाजेल! म्हणून अशी तातडीची कामं मज्जारज्जू परस्पर उरकतो. यालाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

मणक्यांच्या बोगद्यात

पाठीवरून बोट फिरवून पाहा. टणक उंचवटे लागतील. हे मणके. प्रत्येक मणक्याला एक भोक असतं. मणके एकावर एक रचले, की भोकांचा मिळून एक बोगदा तयार होतो. त्या बोगद्यात ही दोरी सुरक्षित असते. मोठ्या माणसाच्या शरीरात ती साधारण ४२ ते ४५ सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ करंगळीएवढी जाड असते. तिच्यावर तीन आवरणं असतात. त्यांच्यामध्ये स्वच्छ पाण्यासारखा द्रव असतो, म्हणून धक्के सहज बसत नाहीत. दोरीचा आडवा काप पाहिला, तर आत करड्या रंगाचं फुलपाखरूच दिसतं!

आणखी एक मजा ऐका. ही दोरी कण्याच्या टोकापर्यंत पोचतच नाही. आईच्या पोटात असताना आधी ती कण्याएवढीच लांब असते. पण पुढे कणा भराभर वाढतो आणि दोरी मागे पडते. मोठेपणी ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. तिथून खाली नुसत्या नसांचा झुपका असतो. डॉक्टरांनी त्याला नाव दिलंय 'घोड्याची शेपटी'! तपासणीसाठी पाठीतलं पाणी काढतात, तेव्हा सुई याच भागात घालतात. तिथं दोरीच नाही, मग तिला इजा कशी होणार?

एकतीस जोड्या

मज्जारज्जूपासून नसांच्या ३१ जोड्या निघतात. मानेत ८, छातीच्या भागात १२, कमरेत ५, त्याखाली ५ आणि माकडहाडाशी १. बेरीज करून बघा! प्रत्येक नसेला दोन मुळं असतात. मागचं मूळ बातमी आत आणतं: 'पायात काटा रुतला.' पुढचं मूळ हुकूम बाहेर नेतं: 'पाय उचल.' एसटी स्टँडवर येणाऱ्या गाड्यांचं दार वेगळं आणि जाणाऱ्यांचं वेगळं असावं, तसंच हे.

मानेतल्या नसा मुख्यतः हातांकडे जातात. श्वासाचा पडदा हलवणारी नसही तिथूनच निघते. छातीतल्या नसा बरगड्यांच्या कडेनं जातात. कमरेतल्या आणि त्याखालच्या नसा पाय हलवतात, लघवी-शौचावर ताबाही ठेवतात.

आता आपल्या उसाच्या पट्ट्यातला पाट डोळ्यांसमोर आणा. पाट मध्येच फुटला, तर वरच्या शेतांना पाणी मिळतं, पण खालची सगळी कोरडी राहतात. मज्जारज्जूचंही तसंच. छातीच्या खालच्या भागात इजा झाली, तर हात चांगले राहतात, पण पाय लुळे पडतात. इजा मानेत झाली, तर हातही जातात. हातापायातली तुटलेली नस नीट जोडली, तर दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढू शकते. मज्जारज्जूतले धागे मात्र तसे पुन्हा जुळत नाहीत. त्यावर जगभर संशोधन चालू आहे.

चाकाच्या खुर्चीतून

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तुमच्या आई-बाबांना विचारा. खेळण्या-बागडण्याच्या वयात, सोळा-सतरा वर्षांच्या असताना त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. पायाला काटा टोचला तरी कळेना. अशा वेळी मन खचणारच. पण बाबूकाका दिवाण यांच्या भेटीनं त्यांना धीर मिळाला, कारण तेही चाकाच्या खुर्चीवर असून स्वतःच्या हिमतीवर जगत होते. मग नसीमादीदी शिकल्या, सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड' ही संस्था उभी केली. उचगावला अपंग मुलांसाठी 'घरौंदा' वसतिगृह झालं. त्यांच्या आत्मकथेचं नावच आहे 'चाकाची खुर्ची'. पाय थांबले, पण मेंदू आणि हात कुठं थांबले होते?

चाकाच्या खुर्चीवरचं कुणी भेटलं, तर "अरेरे" म्हणू नका. आपल्या शाळेत जाताना पायऱ्यांऐवजी उतार आहे का, ते मात्र जरूर बघा.

एवढं लक्षात ठेवाच

मे महिन्यात विहिरीत, पंचगंगेत सूर मारायची चढाओढ लागते. पाणी किती खोल आहे हे माहीत नसेल, तर डोक्याकडून उडी कधीच मारू नका. तळाला डोकं आपटलं, की मान मोडते आणि तो पाट तिथंच फुटतो. झाडावरून पडलेल्या किंवा अपघातात सापडलेल्या माणसाच्या मानेला, पाठीला मार लागला असेल, तर त्याला हातापायांना धरून उचलू नका, बसवू नका. मान हलू न देता आहे तसंच राहू द्या आणि १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. मात्र जागेवर आग किंवा वाहनांचा धोका असेल, तर चार मोठ्या माणसांनी मान, पाठ सरळ ठेवून त्याला बाजूला घ्यावं.

करंगळीएवढी दोरी, पण सगळं चालणं-बोलणं तिच्या भरवशावर. तिला जपायचं ना?