सशांच्या पिंजऱ्याचं खुराडं करताना

ज्यांना आजचा एपिसोड ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा लेखी भाग.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या काकांकडून सशांचा जुना पिंजरा आणला. लांबी चार फूट, रुंदी दोन, उंची दोन. लाकडी फ्रेम, तळाला जाळी, एका कोपऱ्यात पिल्लांसाठी बंद कप्पा. चार गावठी कोंबड्या आणल्या आणि लगेच त्यात ठेवल्या. जून संपायच्या आत एक गेली. रात्री रानमांजर आलं असावं. तळाच्या जाळीतून तिचा पाय खाली ओढला होता.

चूक माझीच. चार पाय आणि जाळी दिसली की काम झालं, असं वाटलं होतं. मग नीट बसून एकेक गोष्ट बदलली.

जागा. रात्री झोपण्यापुरती एका गावठी कोंबडीला साधारण दोन चौरस फूट जागा लागते. म्हणजे आठ चौरस फुटांत चारच. दिवसभर त्या परसात मोकळ्या हव्यात. दिवसभर कोंडायच्या असतील, तर हा पिंजरा पुरणार नाही.

तळ. जाळीवर कोंबडीचे पंजे दुखावतात, आणि खालून कोणीही ओढू शकतं. मी वर फळी टाकली, त्यावर दोन-तीन इंच भाताचं तूस. ओलं झालं की बदलायचं. ते थेट झाडाला घालू नका, ताज्या विष्ठेने मुळं जळतात. आधी खड्ड्यात कुजवा.

दांडी. आजीने पिंजरा बघताच विचारलं होतं, "अरे, पण कोंबड्या बसणार कशावर?" ससा जमिनीवर झोपतो, कोंबडी उंचावर. दोन इंच रुंदीची लाकडी पट्टी घ्या, कडा घासून गोल करा, तळापासून आठ इंचांवर ठोका. प्रत्येकीला आठ-नऊ इंच जागा धरा.

अंड्यांची जागा. पिल्लांचा कप्पा इथे उपयोगी पडला. आत पेंढा घातला. फक्त तो दांडीपेक्षा खाली हवा. नाहीतर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

जाळी. षटकोनी कोंबडीजाळी कोंबडीला आत ठेवते, पण कुत्रा ती फाडतो आणि मुंगसाचं पिल्लू मोठ्या भोकातून शिरतं. अर्धा इंची वेल्डमेश लावा, चुका न मारता स्क्रू आणि वॉशरने. त्याने उंदीरही थांबतात. दाराला आकड्याऐवजी सरकती कडी.

पाऊस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे पहिला विचार येतो, सगळं ताडपत्रीने गुंडाळावं. तसं करू नका. ओल आणि विष्ठेतला अमोनिया आत कोंडला की कोंबड्यांना श्वासाचा त्रास होतो. छपराखाली चारही बाजूंनी चार इंच जाळीची फट ठेवा, आणि पत्रा फूटभर बाहेर काढा, म्हणजे पागोळ्या आत येणार नाहीत. पावसाची झड नैर्ऋत्येकडून येते. त्या बाजूला झाप बांधा, दार पूर्वेला ठेवा.

सफाई. पिंजरा जुना असल्यामुळे हे सगळ्यात आधी करायचं. खरवडा, साबणाने धुवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, मग चुना मारा. फटींत बारीक किडे लपतात, तिथे ब्रश नीट फिरवा.

नव्या कोंबड्या तीन-चार दिवस आतच ठेवा, दाणा-पाणीही तिथेच. मग संध्याकाळी त्या आपणहून घरी येतात. मानमोडीची लस सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या.

आमच्याकडे आता दिवेलागणीला तिघी मुकाट आत जातात. मी मोबाईलची टॉर्च मारतो, एक, दोन, तीन मोजतो आणि कडी लावतो. चौथीची जागा दांडीवर अजून रिकामी आहे. हा पावसाळा नीट पार पडला की आणू.