भिंत फोडणारे हात

स्तनाच्या कर्करोगात रुग्ण दगावते ती बहुधा रोग हाडांत, फुप्फुसांत, यकृतात किंवा मेंदूत पोचल्यामुळे. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये या रोगाने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी चाळल्या. रोग वाटेल तिथे रुजत नाही, त्याला मानवणारी जमीन लागते, असं त्यांनी मांडलं. पण पेशी मूळ गाठीतून सुटते कशी?

धागा सापडला तो बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीत. ही शेपटी वाढीच्या ओघात विरून जाते. जेरोम ग्रॉस आणि शार्ल लापिएर यांनी १९६२ मध्ये तिचे तुकडे कोलॅजेनच्या जेलवर ठेवले, तर भोवतालचं जेल विरघळू लागलं. कोलॅजेन हे शरीरातलं अत्यंत चिवट प्रथिन. ते कापणारं एन्झाइम पेशी स्वतःच बनवत होत्या. पुढे अशा एन्झाइम्सचं मोठं कुटुंबच उघडकीला आलं: मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज.

दूधनलिकांभोवती पातळ आधारपटल असतं. ते शाबूत आहे तोवर कर्करोग नलिकेतच कोंडलेला राहतो. १९८० मध्ये लान्स लिओटा आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गाठींत दाखवलं, की आधारपटलातलं कोलॅजेन तोडण्याची ताकद जितकी जास्त, तितका रोग पसरण्याचा कल अधिक. मग ही एन्झाइम्स कर्कपेशीच बनवत असणार, असं गृहीत धरणं साहजिक होतं.

या गृहीतकाला १९९० मध्ये तडा गेला. पॉल बासे आणि पिएर शांबों यांच्या स्ट्रासबुर्गच्या गटाला स्तनाच्या गाठींत स्ट्रोमेलायसिन-३ हे याच कुटुंबातलं एन्झाइम सापडलं, पण ते होतं कर्कपेशींना खेटून असलेल्या संयोजी ऊतीच्या पेशींत. शरीराच्याच पेशी गाठीच्या कामाला जुंपल्या गेल्या होत्या! या सगळ्या इतिहासात मला हाच शोध सर्वांत मोलाचा वाटतो.

औषधांची घाई मात्र त्याआधीच्या समजुतीवर चालली. मॅरिमास्टॅट हे औषध या कुटुंबातल्या अनेक एन्झाइम्सना एकदम रोखायचं. रोग आधीच पसरलेल्या स्त्रियांना केमोथेरपीनंतर ते देऊन पाहिलं; २००४ मध्ये निष्कर्ष आले. रोग थोपला नाही, आयुष्य वाढलं नाही, वर सांधे-स्नायू दुखून अनेकींचे हाल झाले. दार फुटून गेल्यावर कडी लावण्यासारखं हे होतं. शिवाय यातली काही एन्झाइम्स गाठीला आवर घालतात, हेही तोवर उंदरांत दिसू लागलं होतं. तरीही, या निकालामुळे एन्झाइम्सचा सगळा विचारच फोल ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण भाकितासाठी एन्झाइम उपयोगी ठरलंच. डब्लिनच्या मायकल डफी यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवलं, की गाठीत युरोकायनेज हे दुसरं एन्झाइम जास्त असेल तर रोग लवकर उलटतो. पुढे त्या एन्झाइमला रोखणारं पीएआय-१ हे प्रथिनही जास्त असणं वाईटच ठरलं. रोखणारा रेणू रोगाच्या बाजूने का, या कोड्याने कित्येक प्रयोगशाळा गुंतवून ठेवल्या. काखेतल्या गाठींपर्यंत रोग न पोचलेल्या स्त्रियांपैकी केमोथेरपी कोणाला टाळता येईल, हे या जोडीवरून ठरवण्याची शिफारस २००७ मध्ये अमेरिकी कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही केली. अडचण एवढीच, की चाचणीला ताजी गोठवलेली ऊती लागते आणि शस्त्रक्रियेनंतर गाठ सहसा थेट फॉर्मॅलिनमध्ये जाते.