गुणाकाराआड दडलेला धोका

भोसरीच्या एका कारखान्यात, जेथे मोटारीच्या ब्रेकची रबरी नळी आणि तिच्या टोकाचे धातूचे फिटिंग प्रेसखाली आवळून एकजीव करतात, तेथील एफएमईएची बैठक मी एका दुपारी बसून पाहिली. वस्तू कोणकोणत्या रीतीने दगा देईल याचा आगाऊ हिशेब मांडण्याची ही पद्धत मूळची अमेरिकी सैन्याची, १९४९ सालची. पुढे तिच्यात परिणामाची तीव्रता, दोष घडण्याची शक्यता आणि तो हाती लागण्याची अडचण असे तीन रकाने रूढ झाले. प्रत्येकी १ ते १० गुण द्यावेत, आणि तिन्हींचा गुणाकार शंभरावर गेला की उपाय योजावा, असा अनेक ठिकाणचा दंडक.

पडद्यावर दोन ओळी होत्या. नळी सैल आवळली जाऊन तेल गळणे: तीव्रता १०, शक्यता ४, आणि प्रेस स्वतःच दाब तपासतो म्हणून तिसरा गुण २, गुणाकार ८०. नळी धरणारी पट्टी ढिली राहून खडखडणे: ४, ५, ६, गुणाकार १२०. म्हणजे खडखडीची तातडीने तजवीज, आणि जिवावर बेतणाऱ्या गळतीला मोकळीक! शिवाय १०५ आले की मसलतीने एखादा गुण उतरवून सुटका करून घेण्याची वहिवाट आहेच. तिच्यावर कोणत्याही ऑडिटरचा इलाज चाललेला मी पाहिला नाही.

अमेरिकी व जर्मन वाहनउद्योग संघटनांच्या २०१९ च्या संयुक्त पुस्तिकेने हा गुणाकारच बाद केला आणि तीव्रतेला अग्रमान देऊन उच्च, मध्यम, कमी असा अग्रक्रम ठरवणारा तक्ता दिला. त्यात गळती ‘उच्च’ ठरते, खडखड ‘कमी’. सुधारणा निःसंशय मोलाची. परंतु तक्त्यात घातलेला आकडाच खोटा असेल तर तक्ता काय करणार?

त्या दुपारी, बऱ्याच उशिराने, प्रेसवरच्या कामगाराला आत बोलावले. तो दाराशीच उभा राहून म्हणाला, “साहेब, जबडे झिजले तरी दाब बरोबरच दाखवतो. आवळल्यावरचा व्यास मापाबाहेर जातो, आणि तो आम्ही पाळीच्या सुरुवातीलाच मोजतो.” साऱ्यांचा भरवसा ज्या २ वर होता, त्याचे तेथल्या तेथे ६ झाले, आणि दर ठरावीक नगांनंतर व्यास मोजण्याचे कलम तपशिलात चढले.

एफएमईएचा दस्तऐवज सह्या होऊन दफ्तरी दाखल होण्यापूर्वी तो यंत्रावरच्या माणसाला वाचून दाखवावा, आणि त्याला बसायला खुर्ची द्यावी.