हवा जाते कुठे?

किकवर पाय ठेवून हलकेच दाबली की ती एका जागी घट्ट लागते. तिथे जोर द्यावा लागतो, मग ती सुटते आणि इंजिन बोलू लागतं. तो घट्टपणा म्हणजे काँप्रेशन. बाबांच्या एमएच-08 पाटीच्या हीरो होंडा सीडी 100 ला गेल्या हिवाळ्यात तोच राहिला नव्हता. किक खालपर्यंत अशी जायची की जणू खाली काही नाहीच. सकाळी दहा-बारा किका, चोक ओढून मिनिटभर थांबणं, आणि रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या चढाला चौथ्या गिअरवरून थेट दुसऱ्यावर. उतारावर आणि सपाटीला मात्र गाडी शहाण्यासारखी चाले, म्हणून आम्ही दुखणं दोन महिने अंगावर काढलं.

सीडी 100 भारतात आली 1985 साली, आणि 1994 मध्ये तिच्याच इंजिनाच्या घराण्यातली स्प्लेंडर. कोकणातल्या अर्ध्याअधिक अंगणांत आजही यांतलं काहीतरी उभं असतं. इंजिन 97.2 सीसीचं, बोअर 50 मिलिमीटर. पिस्टन एका फेरीत जेवढी हवा आणि पेट्रोलची वाफ ओढतो, ती त्याने साधारण नवव्या हिश्श्याएवढ्या जागेत कोंबायची असते. कोंबल्यावरच मिश्रण तापतं, कण जवळ येतात, आणि प्लगच्या ठिणगीने ते सपाट्याने जळतं. कोंबताना त्यातलं थोडं जरी निसटलं तरी ठिणगी चांगली, कार्बोरेटर स्वच्छ, पेट्रोल ताजं असूनही गाडी मेल्यासारखी चालते. कमी काँप्रेशन म्हणजे बहुतेक वेळा गळतीच. त्यामुळे विचारण्यासारखा प्रश्न एकच: हवा जाते कुठे?

वाटा चारच आहेत. पिस्टनच्या रिंगांवरून खाली क्रँककेसमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सायलेन्सरमध्ये, इनलेट व्हॉल्व्हमधून परत कार्बोरेटरकडे, किंवा हेड आणि ब्लॉकमधल्या गास्केटमधून बाहेर. प्लग सैल असला तर पाचवी, पण ती हाताने चाचपून कळते. एवढं साधं असूनही आपल्याकडे काँप्रेशन गेलं म्हटलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, 'इंजिन काम निघालं.' आम्हालाही एका ठिकाणी ते ऐकायला मिळालं. किक दोनदा दाबून निदान झालं होतं: बोअर, पिस्टन, रिंगा, सगळंच. हा लेख लिहितोय तो त्या वाक्याला विरोध म्हणून. गळती कुठे आहे हे इंजिन न उघडता कळू शकतं. जो उघडण्याआधी ते शोधत नाही, तो तुमच्या पैशाने शोधत असतो.

ज्या मिस्त्रींकडे शेवटी गाडी नेली, त्यांनी आधी चावी बंद करून फक्त प्लग काढला. मग गेज. सीडी 100 चा प्लग 10 मिलिमीटर आट्यांचा, बुलेट किंवा आरएक्स 100 सारखा 14 चा नव्हे. त्यामुळे गेजला त्या मापाचा अडॅप्टर लागतो. रबरी बूच दाबून धरायचं गेज इथे हमखास गळतं आणि चांगल्या इंजिनालाही आजारी ठरवतं. दुसरी चूक याहून सर्रास होते. किक मारताना थ्रॉटल पूर्ण पिळलेला असायला हवा. तो मिटलेला राहिला तर इंजिनला कोंबायला हवाच मिळत नाही आणि काटा खाली राहतो. इंजिन थोडं गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, आणि काटा थांबेपर्यंत सात-आठ किका, अशी ती रीत.

टायरमध्ये आपण 25-30 पाउंड हवा भरतो, तेच माप गेजवर. या जातीच्या धडधाकट इंजिनात काटा साधारण 150 च्या वर जातो. आमचा 85 वर थांबला. काटा कसा चढतो तेही मिस्त्री बघत होते. पहिल्या किकेला कमी आणि पुढे प्रत्येक किकेला थोडा थोडा वर, तर संशय रिंगांवर. पहिल्या किकेला कमी आणि तिथेच बसून राहिला, तर व्हॉल्व्हवर. आमचा बसून राहिला होता. (हीच गाडी महाबळेश्वरला नेऊन मापली तर काटा आपोआप पंधराएक टक्के खाली दिसेल, कारण तिथली हवाच तेवढी विरळ. रत्नागिरीत समुद्रसपाटीला ही सबब चालत नाही.)

आता एक चाचणी, जी सगळीकडे सांगितली जाते आणि बहुतेक वेळा चुकीची केली जाते. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडायचं आणि पुन्हा मापायचं. तेल रिंगांच्या फटी बुजवतं, म्हणून काटा चढला तर दोष रिंगांचा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गास्केटचा. तत्त्व अगदी बरोबर आहे, पण चमचा मोटारगाडीचा आहे. सीडी 100 चा पिस्टन हेडच्या टोकाला पोहोचला की वर उरणारी पोकळी जेमतेम 12 घनसेंटीमीटर. त्यात 5 घनसेंटीमीटर तेल साठून राहिलं तर जागाच सातवर येते, नऊ पटीचं प्रमाण चौदाच्या पुढे जातं आणि फाटक्या व्हॉल्व्हचं इंजिनही काटा चढवून दाखवतं. शिवाय या इंजिनाचा ब्लॉक जवळपास आडवा. तेल एका कडेला साचतं, रिंगांच्या वरच्या बाजूपर्यंत जातच नाही. मिस्त्रींनी इंजेक्शनच्या सिरिंजने मोजून एक घनसेंटीमीटर सोडलं, किक हाताने सावकाश पाच-सहा वेळा फिरवली, मगच गेज लावलं. काटा 90 ला थांबला. म्हणजे रिंगा जवळपास निर्दोष.

मग त्यांनी टॅपेटची झाकणं काढली. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात थंड इंजिनाला केसासारखी फट लागते, या इंजिनांना 0.05 मिलिमीटर. आमच्या एक्झॉस्टला फिलर गेजची सर्वात पातळ पट्टीसुद्धा शिरेना. इथे मला दोष माझाच आठवला. वर्षापूर्वी टॅपेट वाजतंय म्हणून मीच एका ठिकाणी सांगितलं होतं, 'आवाज बंद करा.' त्यांनी केला. लोकांना वाजणाऱ्या टॅपेटची भीती वाटते, खरी भीती गप्प टॅपेटची असते. गाडी जशी चालते तसा व्हॉल्व्ह त्याच्या सीटमध्ये हळूहळू रुतत जातो, त्याची शेपटी रॉकरकडे सरकते आणि फट कमी होत जाते. फट संपली की गरम इंजिनात व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह लालभडक वायूंच्या वाटेत उभा असतो; मिटल्यावर सीटला टेकून उष्णता तिच्यात सोडणं हीच त्याची थंड व्हायची मुख्य संधी. ती गेली की कड जळते. मिस्त्री म्हणाले, ''काका, टॅपेट थोडं बोललेलं बरं. ते बोलतंय तोवर व्हॉल्व्ह मिटतोय.''

फट बरोबर केल्यावर काटा 100 वर आला. कित्येक गाड्यांचं दुखणं इथेच संपतं, दहा मिनिटांत. आमचं नाही संपलं, कारण कड आधीच जळलेली होती. पण तेही उघडून नव्हे, ऐकून कळलं. जुन्या प्लगचा आतला चिनीमातीचा भाग काढून त्याच्या कवचात ट्यूबचा व्हॉल्व्ह जोडलेला एक तुकडा त्यांच्या खणात होता. पिस्टन काँप्रेशनच्या टोकाला आणला, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मला मागचा ब्रेक दाबायला लावला (नाहीतर हवेचा दाब पिस्टनला ढकलून इंजिन फिरवतो), आणि पंक्चरच्या कॉम्प्रेसरने त्या तुकड्यातून हवा भरली. मग कान लावला. तेल भरायच्या तोंडाशी जवळजवळ शांत. कार्बोरेटरशी शांत. हेडच्या जोडावर साबणाचं पाणी सोडलं, बुडबुडा नाही. सायलेन्सरच्या तोंडाशी मात्र स्पष्ट 'स्स्स'. चार वाटांपैकी एक उरली होती.

हेड उतरवलं तेव्हा व्हॉल्व्हच्या कडेवर नखाएवढा जळका चट्टा होता. व्हॉल्व्ह नवा घेतला. सीट वाचण्याजोगी होती, म्हणून लॅपिंग: आधी जाड, मग बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावून व्हॉल्व्ह सीटवर हातांनी घासायचा, मधूनमधून उचलून फिरवायचा, जोवर दोन्हींवर साधारण मिलिमीटरभर रुंदीचं, कुठेही न तुटलेलं राखाडी कडं उमटत नाही. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये. मग हेड पोर्टचं तोंड वर येईल असं ठेवून त्यात पेट्रोल ओतलं आणि आम्ही दोघं चहा प्यायलो. परत येऊन पाहिलं तर व्हॉल्व्हच्या बाजूला ओलसुद्धा नव्हती. पूर्वी हे रॉकेलने करत, आता रॉकेल कुठे मिळतं?

त्याच दिवशी शेजारच्या स्टँडवर माझ्या चुलत भावाची स्प्लेंडर होती, आणि तिची गोष्ट वेगळी. भाऊ मुंबईला. गाडी गावच्या घराच्या पडवीत, शिमग्याला चालवून ठेवलेली ती थेट गणपतीत बाहेर निघते. मधे आमचा पावसाळा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे, आणि खाऱ्या वाऱ्याची ओल. गाडी जिथे थांबली तिथे एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असेल तर ती ओल सरळ बोअरमध्ये. रिंगा खोबणीत चिकटतात, बिडाच्या स्लीव्हला गंज धरतो, आणि गणपतीत आल्या आल्या दिलेल्या पहिल्या किकेबरोबर तो गंज घासला जातो. कोकणात चाकरमान्यांच्या गाड्या चालून झिजतात त्यापेक्षा उभ्या राहून जास्त झिजतात, असं माझं मत झालंय.

भावाच्या गाडीला त्यात धुळीचीही भर होती. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात वर्षानुवर्षं उडालेली, आणि एरवीही गावच्या रस्त्यावर असतेच ती जांभ्याची तांबडी धूळ. जांभा म्हणजे लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं; त्यांची बारीक पूड तेलात मिसळली की ग्राइंडिंग पेस्टच. व्हॉल्व्हला आपण जी मुद्दाम लावतो, ती इथे बोअरला नकळत लागते. त्याच्या एअर फिल्टरची कड बसकीतून सुटलेली होती आणि आतल्या नळीत तांबडा थर होता.

तिचा धूर मात्र आम्ही आधीच वाचायला हवा होता. साखरप्याहून आंबा घाट चढताना सतत निळा धूर म्हणजे रिंगांवरून तेल वर येतंय. घाट चढताना स्वच्छ, पण थ्रॉटल मिटून उतरून आल्यावर पुन्हा पिळताच एक निळा लोट, तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड: उतारावर इंजिनात जो ओढा तयार होतो तो तिथून तेल खेचतो. भावाची गाडी पूर्ण चढभर धुरायची.

ब्लॉक काढल्यावर आधी नुसत्या बोअरमध्ये रिंग सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट मापली. नव्या रिंगची फट मिलिमीटरच्या दशांशात असते, इथे नजरेला दिसत होती. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन जिथे उलटतो त्या हेडकडच्या टोकाला जास्त, आणि पिस्टन ज्या भिंतीवर रेलतो तिथे जास्त. म्हणून तो लंबगोल होतो. लंबगोल भोकात गोल रिंग बसवायची हा 'नुसत्या रिंगा टाकून द्या' या स्वस्त सल्ल्याचा अर्थ आहे. चार महिने धूर कमी होतो, मग परत तेच. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे बोअर पाव मिलिमीटर वाढवला, त्या मापाचा ओव्हरसाइज पिस्टन घेतला. असं चारदा, एकूण एक मिलिमीटरपर्यंत करता येतं, पुढे नवी स्लीव्ह किंवा आख्खा ब्लॉक. नव्या बोअरवर होनिंगच्या तिरक्या एकमेकींना छेदणाऱ्या रेघा असाव्या लागतात. त्यांत तेल टिकतं आणि रिंगांना आपली जागा करून घेता येते. आरशासारखा गुळगुळीत बोअर दिसायला छान, पण रिंगा त्यावर बसत नाहीत. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, अक्षर कोरलेली बाजू हेडकडे ठेवायची. बोअर साबणाच्या गरम पाण्याने धुवायचा, पांढऱ्या फडक्यावर काळं उतरेनासं होईपर्यंत. पेट्रोलने धुतला की होनिंगची पूड रेघांतच राहते. ही धुणी टाळणाऱ्यांचं नवं इंजिन वर्षभरात जुनं होतं.

बाबांच्या गाडीचं गेज पुन्हा लावलं तेव्हा काटा 155 वर थांबला. बाबा बाकावर बसून होते. उठले, चप्पल नीट केली आणि स्वतः किकवर उभे राहिले. ती घट्ट लागली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

भावाने यंदा विसर्जनानंतर गाडी पडवीत लावली. प्लग काढून सिरिंजने थोडं तेल सोडलं, किक सावकाश फिरवून ते पसरू दिलं, प्लग परत घट्ट बसवला. मग हाताने किक हलके हलके दाबत नेली. ती घट्ट लागली, तिथेच हात थांबवला. दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. सायलेन्सरच्या तोंडाला त्याने प्लॅस्टिकची पिशवी बांधली आणि रात्रीची गाडी पकडायला हातखंब्याला निघाला.