आंतील आवाज ओळखावा कसा ?

ता. ८ मे १९३३ रोजीं येरवड्याच्या तुरुंगांत महात्मा गांधींनीं एकवीस दिवसांचा उपवास आरंभिला. आंतील आवाजाच्या आज्ञेनें आपण हा उपवास करीत आहों, असें त्यांनीं आधींच प्रसिद्ध केलें होतें. तेव्हां अनेकांनीं शंका घेतली कीं, तो आवाज देवाचा होता, स्वतःच्याच मनाचा नव्हता, हें ओळखावें कशावरून ? ख्रिस्ती भक्तिमार्गांत हा प्रश्न फार जुना आहे आणि तो केवळ थोरांपुरता नाहीं. रोज सकाळीं बायबल उघडून घटकाभर स्वस्थ बसणाऱ्या सामान्य गृहस्थापुढें व गृहिणीपुढेंहि तो उभा राहतो. ख्रिस्ती साधकांनीं त्याचें उत्तर अनुभवानें कसें शोधिलें, हें आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत मांडावयाचें आहे.

प्रार्थना म्हणजे देवाशीं बोलणें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. मागणें मागावें, आभार मानावे, गाऱ्हाणें सांगावें, आणि उठून कामाला लागावें. परंतु ज्या भेटींत एकच मनुष्य सारा वेळ बोलतो, तिला संभाषण कोण म्हणेल ? बायबलांत बाल शमुवेलाची कथा आहे. मंदिरांत निजलेल्या त्या मुलाला रात्रीं कोणीतरी नांव घेऊन हांक मारतें. वृद्ध याजक एलीच बोलावीत असेल, असें समजून तो तीन वेळां त्याच्याकडे धांवत जातो. शेवटीं एलीलाच उमज पडते, आणि पुन्हां हांक आल्यास काय उत्तर द्यावें, हें तो मुलाला शिकवितो. या कथेंतील दोन गोष्टी ध्यानांत ठेवण्याजोग्या आहेत. शमुवेलाला आवाज ऐकूं आला, पण त्याची ओळख पटण्यास वडील माणसाची मदत लागली. आणि जो निरोप मिळाला तो त्याच एलीच्या घराण्याच्या दोषांविषयीं होता. मुलाला तो सांगवेना इतका तो कठोर होता. आपल्याच इच्छेचा तो प्रतिध्वनि असता तर असा निरोप कशाला आला असता ?

या श्रवणाची पहिली पायरी म्हणजे वाचन. सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टानें मठवासीयांसाठीं जी नियमावली लिहिली, तिचा पहिलाच शब्द 'ऐक' असा आहे. त्याच्या मठांतून शास्त्रवाचन अत्यंत सावकाश चाले. पुढें बाराव्या शतकांत ग्विगो नांवाच्या मठवासीयानें वाचन, मनन, प्रार्थना व ध्यान अशा या साधनेच्या चार पायऱ्या सांगितल्या. पण वाचलेलें कळलें तरच तें बोलूं लागतें. पंडिता रमाबाईंनीं केडगांव येथें हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें, त्यामागें हीच कळकळ होती. साध्या स्त्रियांनाहि देवाचें वचन आपल्या घरच्या बोलींत ऐकूं यावें, म्हणून आयुष्याचीं अखेरचीं वर्षें त्यांनीं या कामीं वेंचिलीं. १९२२ मध्यें त्यांचें देहावसान झालें.

येथवर सर्व सुरळीत वाटतें. परंतु या मार्गावर एक मोठा धोका आहे आणि तो लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. १५३४ सालीं जर्मनींतील म्युन्स्टर शहर एका उत्साही पंथाच्या हातीं गेलें. त्याच्या पुढाऱ्यांस देवाचे आदेश प्रत्यक्ष मिळतात, अशी अनुयायांची श्रद्धा होती. शहराला शत्रूचा वेढा पडला असतां, मला देवाची आज्ञा झाली आहे, असें म्हणून यान मातिस नांवाचा त्यांचा पुढारी ईस्टरच्या सणीं मूठभर माणसें घेऊन वेशीबाहेर पडला, आणि तत्काळ मारला गेला. दुसऱ्या वर्षीं शहर पडलें व भयंकर रक्तपात झाला. मातिस ढोंगी होता असें म्हणण्यास आधार नाहीं. त्याचा स्वतःवर विश्वास होता, आणि ज्यांनीं त्याला ऐकिलें त्यांनीं त्या विश्वासाची किंमत प्राणांनीं दिली. खात्री वाटणें हा सत्याचा पुरावा नव्हे, हा धडा ख्रिस्ती जगाला असा मिळाला.

मग पुरावा कोणता ? याचा सर्वांत सूक्ष्म विचार संत इग्नेशियस लोयोला यानें केला. हा स्पेनमधील एक मानी सरदार. १५२१ सालीं पाम्प्लोना येथील लढाईंत तोफेचा गोळा लागून त्याचा पाय मोडला, आणि कित्येक महिने अंथरुणाला खिळून राहण्याचा प्रसंग आला. करमणुकीसाठीं त्यानें शूरवीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. पण घरांत त्या नव्हत्या. मिळालीं तीं ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें. पडल्या पडल्या तो दोन प्रकारचीं स्वप्नें रंगवूं लागला. कधीं एका थोर कुळांतील स्त्रीची मर्जी संपादण्यासाठीं आपण काय पराक्रम करूं, याचीं चित्रें. तर कधीं संतांप्रमाणें अनवाणी यरुशलेमास जाऊं, कंदमुळें खाऊन राहूं, असे विचार. दोहोंतहि त्या त्या वेळीं सारखेंच सुख वाटे. पण पहिलें स्वप्न ओसरलें कीं मन कोरडें व उदास होई. दुसरें ओसरल्यावरहि प्रसन्नता मागें राही. एके दिवशीं हा फरक त्याच्या लक्षांत आला, आणि त्याच्या साऱ्या पुढील शिकवणीचें बीज तेथेंच पडलें. विचार येतांना किती गोड वाटतो, हें पाहूं नये. तो गेल्यावर मागें काय ठेवून जातो, तें पाहावें.

१५४८ मध्यें छापलेल्या आपल्या साधनाग्रंथांत त्यानें आणखी एक सावधगिरी सांगितली आहे. दुष्ट प्रेरणाहि सात्त्विक वेष घेऊन येते. म्हणून विचाराचा आरंभ, मध्य व शेवट हे तिन्ही तपासावे. आरंभ चांगला, पण शेवट गर्वांत, द्वेषांत किंवा अस्वस्थतेंत होत असेल, तर मूळ संशयास्पद समजावें. निर्णय कठीण असेल तेव्हां, एखाद्या अनोळखी माणसानें हाच प्रश्न आपणांस विचारिला असता तर त्याला आपण काय सल्ला दिला असता, तो स्वतःस द्यावा, हीहि त्याचीच युक्ति. इग्नेशियसनें स्थापिलेल्या येशूसंघाचेच फादर थॉमस स्टीफन्स हे १५७९ सालीं गोव्यास आले, आणि त्यांचें मराठी ख्रिस्तपुराण १६१६ सालीं प्रसिद्ध झालें, हें आपल्यांतील अनेकांस ठाऊक असेलच.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील जॉन वुलमन याचें. हा क्वेकर पंथाचा. या पंथाच्या उपासनेंत ठराविक प्रवचन वा विधि नसतो; मंडळी एकत्र येऊन मौन धरतात आणि अंतःप्रेरणा झाली तरच कोणी बोलतो. वुलमन ऐन तारुण्यांत न्यू जर्सींतील एका दुकानांत नोकरीस होता. एके दिवशीं मालकानें आपली निग्रो दासी विकली आणि विक्रीखत लिहिण्यास त्याला सांगितलें. घेणारा समोर उभा. तोहि पंथांतलाच एक वृद्ध गृहस्थ. वुलमननें खत लिहिलें, पण हात लिहीत असतां मन आंतून टोंचत होतें. गुलाम बाळगणें ख्रिस्ती धर्माशीं विसंगत आहे असें मला वाटतें, एवढें तो त्या दोघांसमोर बोलला. पुढें दुसऱ्यानें असेंच खत लिहून मागितलें तेव्हां त्यानें नम्रपणें नकार दिला. मृत्युपत्रांत गुलाम वारसास द्यावयाचे असले तर तेवढें लिहिण्याचें तो नाकारी, आणि मिळणारी मजुरी सोडून देई. नंतर गांवोगांव फिरून, गुलाम बाळगणाऱ्या आपल्याच पंथबंधूंच्या घरीं बसून, तो त्यांच्याशीं शांतपणें बोलत राहिला. १७७२ सालीं तो वारला. १७७६ सालीं फिलाडेल्फियाच्या क्वेकर वार्षिक सभेनें आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली.

मातिस व वुलमन या दोघांचीं उदाहरणें शेजारीं ठेवून पाहावीं. एकाच्या आवाजानें त्याला इतरांवर सत्ता दिली. दुसऱ्याच्या आवाजानें त्याची स्वतःची मिळकत कमी केली. एकानें तपासणीला वाव ठेविला नाहीं; दुसऱ्यानें आपली टोंचणी वर्षानुवर्षें बंधूंच्या सभेपुढें मांडली. शास्त्राशीं मेळ, मागें राहणारी शांति, जाणत्यांचा सल्ला, आणि झीज प्रथम स्वतःला सोसावी लागणें, या चार कसोट्या ख्रिस्ती अनुभवांतून अशा निघाल्या आहेत. चौथी बहुधा सर्वांत प्रामाणिक असते.

आणि कांहींच ऐकूं आलें नाहीं तर ? मदर तेरेसा यांना १० सप्टेंबर १९४६ रोजीं दार्जिलिंगच्या आगगाडींत गरिबांतील गरिबांची सेवा करण्याची हांक आली. कलकत्त्याच्या आर्चबिशपांनीं ती लगेच मान्य केली नाहीं. जवळजवळ दोन वर्षें थांबल्यावर १९४८ मध्यें त्यांना जुना मठ सोडण्याची परवानगी मिळाली. त्यांच्या मृत्यूनंतर, २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या पत्रांवरून जगाला कळलें कीं, त्यापुढील कित्येक दशकें त्यांच्या प्रार्थनेंत अंधार व शुष्कता भरून राहिली होती. तरीहि पहांटेची प्रार्थना चुकली नाहीं आणि रस्त्यावरचा रोगी उचलण्याचें काम थांबलें नाहीं. एकदां ऐकलेल्या शब्दाशीं इमान राखणें हेंहि ऐकणेंच होय.

तेव्हां ज्यांस हा अभ्यास करावयाचा आहे, त्यांनीं आरंभ लहानच करावा. सकाळची एक ठराविक वेळ, शास्त्रांतील एक लहानसा उतारा, आणि त्यानंतर कांहीं न मागतां घालविलेलीं पांच मिनिटें. त्या वेळांत एखाद्या रुसलेल्या भावाची आठवण झाली, नोकराचा थकलेला पगार मनांत आला, तर व्यत्यय आला म्हणून ती झटकून टाकूं नये. कदाचित् निरोप तोच असेल. तो टिपून ठेवावा. रात्रीं निजण्यापूर्वीं दिवसाचा आढावा घेऊन त्याचें काय झालें, तें पाहावें. मोठा निर्णय असेल तर घाई न करितां विश्वासाच्या माणसाजवळ बोलावें.

शमुवेलाच्या कथेंतील एक लहानसा तपशील पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. ज्या रात्रीं देव त्याच्याशीं बोलला, त्या रात्रीनंतर सकाळीं उठून त्या मुलानें प्रथम काय केलें ? नेहमींप्रमाणें मंदिराचीं दारें उघडलीं. आणि एलीनें विचारतांच, जें ऐकिलें होतें तें कांहीं न लपवितां त्याला सांगितलें.