महामार्ग, ट्रकचालक आणि एचआयव्ही

येरमाळा या गावावरून जाणाऱ्या सोलापूर–धुळे महामार्गावर मालट्रकांची ये-जा रात्रंदिवस चालते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या २०१७च्या पाहणीत देशातल्या लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण ०.८६ टक्के आढळलं. गरोदर महिलांमध्ये ते ०.२८ टक्के होतं.

संसर्ग ट्रक चालवल्याने होत नाही. मुख्य कारण कंडोमशिवायचा शरीरसंबंध. आठवडेच्या आठवडे घराबाहेर राहणं, दारू आणि उपचारांची गैरसोय यांमुळे धोका वाढतो. चालकाकडून संसर्ग पत्नीपर्यंतही पोहोचू शकतो. एका ताटात जेवल्याने किंवा क्लीनरशेजारी केबिनमध्ये झोपल्याने मात्र लागण होत नाही.

सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी (एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी) केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत आणि गोपनीय असते. संसर्ग ताजा असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते. म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा करावी. निदान झाल्यावर एआरटीच्या (विषाणूरोधक उपचारांच्या) गोळ्या मोफत मिळतात. त्या रोज घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत न सापडण्याइतका कमी राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एचआयव्हीबाधितांशी नोकरीत वा उपचारांत भेदभाव करायला २०१७च्या कायद्याने मनाई आहे. माहितीसाठी १०९७ वर मोफत फोन करता येतो.