चिठ्ठी जुनी, बाटली नवी

उरणच्या बाजारपेठेत आमचे कापडाचे दुकान आहे. गल्ल्याच्या खणात चिल्लर, किल्ल्या आणि जुन्या पावत्या यांच्या सोबतीला गेली कित्येक वर्षे एक लहानशी बाटली असे. ती आमच्या मोठ्या काकांच्या डोक्याला लावायच्या लोशनची. काकांना डोक्यात सोरायसिस आहे. केसांच्या मुळाशी पांढरे, चांदीसारखे चमकणारे खवले धरत, खांद्यावर भुगा पडे, आणि गिऱ्हाइकापुढे काळा सदरा घालण्याची त्यांना लाज वाटे. अखेर एक दिवस दुकान बंद ठेवून ते मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि मुंबईतील एका त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून आले. चिठ्ठीत बीटामेथासोन आणि सॅलिसिलिक आम्ल असलेले लोशन होते. खाली लिहिले होते, ‘दोन आठवडे, नंतर दाखवणे.’

दोन आठवड्यांत डोके स्वच्छ झाले आणि दाखवायला जाण्याचे कारणच उरले नाही. पुढे कोंडा दिसला की ओळखीच्या औषधदुकानात रिकामी बाटली दाखवायची आणि तशीच भरलेली आणायची, असा क्रम सहा-सात वर्षे चालला. बाटल्या नव्या येत राहिल्या, पण चिठ्ठी तीच जुनी होती.

मग एका पावसाळ्यात काकांच्या जांघेत खाज सुटली. दिवसभर बैठक, अंगात घट्ट पँट, उरणची खारी दमट हवा. ‘डोक्याला गुण येतो, तर इथेही येईल,’ या हिशेबाने त्यांनी तेच लोशन तिथे लावले. खाज त्या रात्रीच थांबली. आठ दिवसांनी ती परतली तेव्हा चट्टा दुप्पट झाला होता. पुन्हा लोशन, पुन्हा आराम आणि पुन्हा विस्तार, असे चार महिने चालले. तोवर कमरेच्या पट्ट्यापर्यंत वेटोळी पसरली होती आणि नातवाच्या मांडीवरही तसाच गोल चट्टा उठला होता. तो नायटा होता. नायटा ही बुरशी आहे आणि स्टेरॉइड बुरशीला मारत नाही. बुरशीविरुद्ध त्वचा जो दाह उभा करते, तो तेवढा शांत करते. म्हणजे खाज जाते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. स्टेरॉइडमुळे रूप बदललेल्या अशा नायट्याला ब्रिटिश वैद्यकांनी १९६८ सालीच वेगळे नाव दिले होते, कारण डॉक्टरांनाही तो पटकन ओळखू येत नाही. काकांचा नायटा बरा व्हायला तीन महिने गोळ्या घ्याव्या लागल्या. जांघेत त्वचा फाटल्यासारखे जे लालसर पट्टे उमटले, ते आता पांढुरके झाले आहेत, पण जाणार नाहीत असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

हे वाचून कोणी घरातली स्टेरॉइडची बाटली उचलून फेकून देऊ नये. इसब आणि सोरायसिस या दोन्ही विकारांत हे औषध खरोखर उपकारक आहे. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन त्वचेवर लावून गुण येतो हे दाखवले, तेव्हापासून त्वचेच्या उपचारांची दिशाच पालटली. त्यापूर्वी डांबराचे लेप आणि बोळे हीच रुग्णांची सोबत होती. ‘स्टेरॉइड’ हा शब्द कानावर पडताच काही माता मुलाचे इसब रक्ताळेपर्यंत औषधाला हात लावत नाहीत. ती भीतीही काकांच्या बेफिकिरीइतकीच महाग पडते. खाजवून फुटलेल्या त्वचेत जंतू शिरतात आणि मूल रात्र रात्र झोपत नाही.

आपल्या वाचकांच्या मनात येणारा एक प्रश्न येथेच घेतो. कॉर्टिसोन प्रथम गुरांच्या पित्तातील आम्लापासून, तीसहून अधिक टप्प्यांच्या खटाटोपाने बनवले गेले. पुढे मेक्सिकोतील रानटी कंदातून आणि घायपातासारख्या वनस्पतींतून मूळ द्रव्य मिळू लागले, तर अलीकडे सोयाबीनसारख्या वनस्पतींतील स्टेरॉल सूक्ष्मजीवांकरवी बदलून घेण्याची रीत आहे. कंदमुळाचा त्याग करणाऱ्याने कंदापासून बनलेले औषध त्वचेला लावावे की नाही, हा निर्णय ज्याचा त्याने आपल्या गुरुमहाराजांना विचारून घ्यावा. मी सांगू शकतो ते इतकेच, की शंका बहुधा स्टेरॉइडपेक्षा त्याच्या बैठकीविषयी असावी. कोरड्या त्वचेसाठीच्या काही मलमांत लॅनोलिन म्हणजे लोकरीचे मेद असते, काहींत मधमाशांचे मेण असते. ते नको असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे, पॅराफिनवर आधारलेले पर्याय मिळतात. पर्युषणात अचानक मनात आले म्हणून चालू औषध स्वतःच्या मताने थांबवणे मात्र टाळावे. त्याचे कारण पुढे येईल.

व्यापारी माणसाला टक्केवारी पटकन कळते, आणि नेमकी तीच येथे फसवते. नळीवर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का लिहिलेले असेल आणि दुसरीवर क्लोबेटासोल ०.०५ टक्के, तर पहिली वीसपट तीव्र असे वाटते. प्रत्यक्षात क्लोबेटासोल सर्वांत प्रबळ गटातले आणि हायड्रोकॉर्टिसोन सर्वांत सौम्य गटातले. म्हणून टक्के न पाहता नाव पाहावे. बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, हॅलोबेटासोल ही नावे छोट्या अक्षरांत असली तरी बाटलीवर असतातच.

जागेचा हिशेबही असाच अनपेक्षित आहे. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख यांनी हायड्रोकॉर्टिसोन शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती आत शोषले जाते, ते मोजले. हाताच्या पुढच्या भागातून होणारे शोषण १ धरले, तर तळपायातून ते ०.१४ भरले, डोक्याच्या त्वचेतून साडेतीन पट, कपाळातून सहा पट, जबड्यावरून तेरा पट आणि वृषणाच्या त्वचेतून बेचाळीस पट. काकांनी डोक्याचे लोशन जांघेजवळ लावले, तेव्हा नकळत केवढी मोठी मात्रा घेतली, हे या आकड्यांवरून दिसते. तळपायाच्या जाड इसबाला दिलेले मलम चेहऱ्याला लावणे हा त्याच चुकीचा दुसरा प्रकार. चेहरा, पापण्या, काख, जांघ आणि बाळाचा लंगोटाखालचा भाग येथे प्रबळ स्टेरॉइड डॉक्टरांनी मुद्दाम सांगितल्याखेरीज लावू नये. डायपर तर औषधावर झाकण घातल्यासारखेच काम करतो. लहान मुलांचे वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा विस्तार जास्त, त्यामुळे औषध रक्तात जाऊन मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींचे काम मंदावण्याचा धोका त्यांच्यात अधिक असतो.

घरातील मुलींविषयी थोडे अधिक लिहायला हवे. लग्न जमण्याच्या वयात ‘उजळपणासाठी’ म्हणून मैत्रिणीने सांगितलेली नळी आणली जाते. तीत पुष्कळदा मोमेटासोनसारखे स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असे तिघे एकत्र असतात. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळतो. नंतर मुरुमे, लाली, बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, ओठांवर लव आणि उन्हात आग, आणि नळी थांबवताच सगळे दुप्पट. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना ही अवस्था इतक्या वेळा दिसली, की स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा असे तिचे स्वतंत्र नाव रूढ झाले. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने बेधडक विक्रीविरुद्ध मोहीमही चालवली.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइडे अनुसूची ‘एच’ च्या कक्षेत स्पष्टपणे आणली. त्यापूर्वी बाहेरून लावायच्या औषधांना असलेल्या सवलतीची पळवाट होती. अनुसूची ‘एच’ चे औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकता येते. आपल्या समाजात औषधविक्रीचा व्यवसाय करणारी कुटुंबे आहेत आणि ती मंडळीही हे वाचतील. गिऱ्हाईक नातेवाईक असले, साधर्मिक असले, तरी रिकामी बाटली ही चिठ्ठी नव्हे. ‘नाही म्हटले तर शेजारच्या दुकानातून घेईल,’ हे मीही गल्ल्यावर बसून अनेक बाबतींत म्हटले आहे. पण कापडाचा रंग गेला तर गिऱ्हाईक भांडायला परत येते, त्वचा पातळ झालेला माणूस आपले नशीब समजून गप्प बसतो.

आता लोशन लावावे कसे? डोक्यासाठी मलमाऐवजी लोशन देतात ते केस चिकट होऊ नयेत आणि औषध मुळाशी पोहोचावे म्हणून. केसांना लावण्यात काही अर्थ नाही. भांग पाडून उघड्या झालेल्या त्वचेवर थेंब टाकावेत, बोटाने हलके पसरावेत, तसेच सुकू द्यावे, मग शेजारी दुसरा भांग पाडावा. खवले जाड असतील तर ते आधी सैल करावे लागतात. त्यासाठीच सॅलिसिलिक आम्ल जोडलेले असते. दिवसातून किती वेळा, ते चिठ्ठी सांगेल. अधिक वेळा लावल्याने अधिक गुण येत नाही. नंतर हात धुवावेत, डोळ्यांत ओघळ जाऊ देऊ नये. डोळ्यांशी वारंवार स्टेरॉइड गेल्याने काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो. डोक्याच्या पुष्कळ द्रावणांत मद्यार्क असतो. तो चिरलेल्या त्वचेला झोंबतो आणि पेटही घेतो. तेव्हा लोशन लावून ओल्या केसांनी आरती-मंगळदिव्यापाशी वाकू नये. पॅराफिनचे मलम मुरलेले कपडे आणि पांघरुणेही लवकर पेटतात, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

अंगावर लावायच्या मलमाचे माप सोपे आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत नळीतून काढलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढ्यात दोन पंजांएवढी त्वचा पुरते. लोशनची अशी रेघ काढता येत नाही. तिथे बाटली किती दिवसांत संपली, हेच माप. क्लोबेटासोलसारखे अतिप्रबळ औषध सलग दोन आठवड्यांपेक्षा अधिक आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा अधिक वापरू नये, अशी मर्यादा आहे. इसबात साधे ओलावा देणारे मलम रोज, स्टेरॉइड नसलेल्या दिवसांतही, भरपूर लावावे. स्टेरॉइड आणि ते यांत थोडे अंतर ठेवावे, म्हणजे एकाने दुसरे पातळ होत नाही.

आणि थांबवणे. विशेषतः सोरायसिसमध्ये बराच काळ चाललेले प्रबळ स्टेरॉइड एका दिवसात बंद केले, तर रोग पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो, क्वचित अंगभर पूयुक्त फोड येऊन रुग्णालय गाठावे लागते. म्हणून डॉक्टर एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग सौम्य औषध असे उतरत्या क्रमाने आणतात. साधू-साध्वीजींच्या वैयावच्चात हे फार महत्त्वाचे आहे. अनवाणी विहाराने तळपाय भेगाळतात, एखादे भाविक कुटुंब श्रद्धेने चांगली महागातली नळी वहोरवते, पुढच्या गावी दुसरे कुटुंब दुसरी आणते आणि त्यापुढच्या गावी काहीच मिळत नाही. आधीच्या मुक्कामी काय, किती दिवस लावले याची कागदावर नोंद सोबत गेली, तर पुढच्या डॉक्टरांचे अर्धे काम हलके होते. आमच्या काकूंनी गेल्या चातुर्मासात अशी चिठ्ठी करून दिली होती. साध्वीजींनी ती पोथीच्या बासनात ठेवली.

गर्भवती आणि मधुमेही व्यक्तींनी आपली स्थिती आधी सांगावी. लावलेल्या जागी त्वचा चुरगळलेल्या कागदासारखी दिसू लागली, निळसर डाग वा पट्टे उमटले, चट्टा कडेने वाढू लागला किंवा पू दिसला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवावे.

पूर्वी तज्ज्ञाकडे जाणे म्हणजे लाँच आणि भरती-ओहोटी सांभाळून बुडवलेला एक दिवस होता. जानेवारी २०२४ पासून उरणहून लोकल सुटते आणि नेरूळ-बेलापूरला जाऊन दुपारी दुकान उघडता येते. काकांच्या डोक्यातला सोरायसिस गेलेला नाही, तो जात नसतो. पण आता लोशन ठरलेल्या दिवसांपुरते येते. लोणच्याच्या बरणीवर घालतात तशी काकूंनी बाटलीवर ती उघडल्याची तारीख घातली आहे आणि बाटली गल्ल्यातून घरच्या कपाटात, नातवाच्या हाताला न लागेल अशा वरच्या फळीवर गेली आहे. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. लाभपंचमीला दुकानाचा मुहूर्त असतो, म्हणून काकांनी दुसऱ्या दिवशीची वेळ मागून घेतली.